फरशीखालची पोकळी कशासाठी असते आणि ती कोरडी का हवी

घराची फरशी थेट जमिनीवर टेकलेली नसेल, तर तिच्याखाली साधारण दीड ते चार फुटांची पोकळी असते. हीच क्रॉल स्पेस. आत रांगतच जावं लागतं, त्यामुळे वर्षानुवर्षं तिथे कुणी डोकावत नाही.

ही जागा मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यामुळे उताराच्या जमिनीवर मोठा भराव न घालता घर समपातळीत उभं राहतं आणि लाकडी तुळया मातीला टेकत नाहीत. नळाचे आणि सांडपाण्याचे पाइप, वायरी इथूनच नेता येतात. एखादा सांधा गळू लागला, तर फरशी न फोडता तो दुरुस्त होतो.

खरी अडचण ओलीची. माती वरून कोरडी दिसली तरी तिच्यातून वाफ येतच राहते आणि लाकडात मुरते. लाकडातला ओलावा बराच काळ 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरून ते कुजू लागतं. शिवाय घरातली उबदार हवा वर चढून बाहेर पडते, तेव्हा खालची हवा फटींतून खोल्यांत ओढली जाते. घरात कुबट वास येत असेल, तर गालिचे धुण्याआधी खाली बघा.

हवा खेळण्यासाठी पोकळीच्या भिंतींत झरोके ठेवले की काम झालं, असं अनेकांना वाटतं. कोरड्या हवेत ते ठीक आहे. पण बाहेरची उष्ण, दमट हवा आतल्या गार पाइपांना आणि लाकडाला लागली की तिथे पाणी धरतं, म्हणजे झरोक्यांतूनच ओल आत येते. म्हणून आमचा आग्रह असा : आधी छपराचं पाणी पायापासून लांब काढा, मग जमीन किमान 0.15 मिलिमीटर जाडीच्या पॉलिथिनने झाका. जोडांवर कागद एकमेकांवर अर्धा फूट चढवून चिकटपट्टी लावा. झरोके बंद करायचे की नाही, हे त्यानंतर ठरवावं. खाली गॅसचा गीझर किंवा घर गरम ठेवणारी भट्टी असेल, तर जाणकाराला विचारल्याशिवाय झरोके मुळीच बुजवू नका.

वर्षातून एकदा टॉर्च घेऊन पाहा. पायाच्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या, तर ती वाळवी. तुळईत स्क्रू-ड्रायव्हर सहज रुतला, तर लाकूड आतून गेलेलं आहे. मात्र आत पाणी साचलं असेल आणि वायरी लोंबत असतील, तर पाऊल टाकू नका. वीज बंद होईपर्यंत आमची माणसंही आत उतरत नाहीत.