पार्श्वभूमी : पर्यावरण सक्तीचे झाले, तास वर्गातच राहिला

शाळा उघड्यावर भरवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी. शांतिनिकेतनात १९०१ पासून झाडाखाली वर्ग भरत. डहाणूजवळच्या कोसबाडला तर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांमागोमाग शिक्षकच कुरणात गेले आणि तिथली शाळा कुरणशाळा झाली.

आज शाळांत पर्यावरण शिक्षण म्हणून जे चालते, त्याचे मूळ मात्र २२ नोव्हेंबर १९९१ च्या निकालात आहे. एका वकिलाच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड दाखवायला सांगितल्या आणि शिक्षणात हा विषय सक्तीचा करायला सांगितले. पुढे बारा वर्षे चालढकल झाली. अखेर डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रमच तयार करायला लावला.

खरे भांडण इथे जुंपले. विषय स्वतंत्र ठेवायचा की भाषा, विज्ञान, भूगोलात मिसळायचा? स्वतंत्र हवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा रोखठोक होता: वेळापत्रकात तास नसेल तर कोणी शिकवणार नाही. दुसऱ्या बाजूला दप्तरात आणखी एक पुस्तक आणि आणखी एक परीक्षा नको होती. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मिसळण्याच्या बाजूने कौल दिला. त्यात प्रत्यक्ष अनुभवावर भर होता, हे मान्य करायला हवे. पण शाळांपर्यंत पोचेतो वाद तासांचा आणि गुणांचाच उरला. महाराष्ट्रात प्राथमिकला परिसर अभ्यास आधीपासून होताच. अकरावी-बारावीला ५० गुणांचे पर्यावरण शिक्षण आले. त्यातून सगळ्यात जास्त काय वाढले असेल, तर प्रकल्पवह्या! ओढ्याच्या प्रदूषणावरचा प्रकल्प ओढा न पाहता पुरा करता येतो, हे कोणताही बारावीचा मुलगा सांगेल.

त्यात फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले. नंतर सहलींचे नियम कडक झाले. मुख्याध्यापकांची धास्ती समजण्यासारखी आहे. दुर्घटना घडली तर पहिली नोटीस त्यांनाच येते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविना दिवस आले. तिथेही मूळ हेतू सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे काम शिकण्याचा. निसर्गभ्रमण या दिवसांसाठीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतल्या उपक्रमांच्या यादीत आहे. त्यातले कोणते उपक्रम घ्यायचे, ते शाळेने ठरवायचे.