दोन तासांत चाळीसच व्हिडिओ का होतात?
थ्री सिक्स्टी बूथ बुक केलेल्या यजमानांसाठी

लग्न पार पडलं, हिशेबाला बसलो, की दर दुसऱ्या घरातून हाच प्रश्न येतो. ‘मशीन दोन तास होतं ना? मग व्हिडिओ चाळीसच कसे?’ प्रश्न रास्त आहे, पैसे तुम्ही तासावर मोजलेले असतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून देतोय.

मशीन तुम्ही कुठल्या तरी रिसेप्शनला पाहिलेलंच असेल. माणसं मधल्या गोल प्लॅटफॉर्मवर उभी राहतात आणि लांब हाताला लावलेला कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो. प्लॅटफॉर्म जागचा हलत नाही, तेव्हा ‘मला गरगरतं बाई’ म्हणणाऱ्या आत्यांना हे आधीच सांगून टाका. रेकॉर्डिंग होतं जेमतेम आठ सेकंद, तेही सेकंदाला 120 फ्रेमने, म्हणजे 120 चित्रं घेत. त्यातले मधले तीन सेकंद आम्ही 30 च्या गतीने दाखवतो, म्हणजे तिनाचे बारा होतात. बाकीचे पाच जसेच्या तसे. झाला सतरा सेकंदांचा व्हिडिओ. चढणं, तीन-दोन-एक, फिरणं, उतरणं सगळं धरून दीड मिनिट पुरतं. या हिशेबाने दोन तासांत ऐंशी व्हायला हवेत.

उरलेले चाळीस जातात ‘अगं, तू पण ये ना’मध्ये.

दोन मैत्रिणी वर चढतात. मशीन चालवणारा आमचा मुलगा ‘तीन’ म्हणतो, तेवढ्यात एकीला आठवतं की वहिनी राहिली. वहिनी आइस्क्रीमच्या काउंटरवर. तिला हाका जातात. ती येते, पण कडेवर बाळ. बाळाला धरायला आजी हव्यात, आजी सापडतात तर पर्स कुठे ठेवायची, पर्सची सोय होते तर चष्मा काढायचा की राहू द्यायचा. शेवटी सगळ्या जागेवर उभ्या राहिल्या की पहिलीच विचारते, ‘पण करायचं काय?’ चार मिनिटं गेली, मशीन एकदाही फिरलेलं नाही, आणि मागे पंधरा माणसं ताटकळत उभी.

याहून वाईट म्हणजे हात फिरायला लागल्यावर कुणी तरी ‘थांबा, मी पण’ करत दोरीखालून आत घुसतं. मग मशीन बंद, पुन्हा पहिल्यापासून. तो हात पाच-सहा सेकंदांत एक फेरी घेतो, टोकाला फोन आणि लाईट असतो. लहान मुलाच्या तो डोक्याच्या उंचीवर येतो. त्यामुळे दोरीच्या आत कुणी दिसलं की आमचा मुलगा जोरात ओरडतो. त्याबद्दल एक-दोन घरांनी नाराजी कळवली. ओरडू दे. त्याला आम्हीच तसं सांगून ठेवलंय. रिमोटही तो कुणाच्या हातात देणार नाही, नवरदेवाच्या भावाच्यासुद्धा.

तेव्हा तुम्ही एकच करा. कोण कुणाबरोबर चढणार, हे रांगेत उभं राहतानाच ठरू द्या. प्लॅटफॉर्म 100 सेंटिमीटरचा, म्हणजे सव्वातीन फुटांचा आहे. त्यावर चार जण ऐसपैस मावतात, नऊवारी नेसलेल्या तिघीच. ‘आम्ही सहा बहिणी आहोत’ असेल तर तिघी-तिघी चढा, दोन्ही व्हिडिओ आम्ही जोडून देतो. घरातला एखादा खमक्या चुलतभाऊ किंवा मामेबहीण अर्धा तास रांगेपाशी उभी करा, जिला नात्यातली सगळी नावं पाठ आहेत आणि दटावायला संकोच वाटत नाही. ज्या घरांनी हे केलं, तिथे साठच्या वर व्हिडिओ सहज झालेत.

वर चढल्यावर काय करायचं, हेही आधी माहीत असलेलं बरं. लोक फोटोच्या सवयीने ताठ उभे राहतात नाही तर कॅमेऱ्याकडे बघत स्वतःच गोल फिरतात. दोन्ही चूक. तुम्ही कॅमेऱ्याबरोबर फिरलात तर व्हिडिओत तुम्ही स्थिर दिसता आणि मागचं कार्यालय तेवढं गरगरतं. एका दिशेला तोंड करून उभे राहा, कॅमेरा तुमच्याकडे येतोच. ‘एक’ म्हटल्यावर लगेच हालचाल सुरू करा, लाजण्यात पहिले चार सेकंद गेले तर नेमका संथ भाग निम्मा वाया जातो. संथ गतीत काय खुलतं, ते आम्ही रोज बघतो. फेट्याचा तुरा, हलणाऱ्या मुंडावळ्या, ओंजळीतून उधळलेल्या पाकळ्या, टाळ्या, एकमेकींकडे बघून आलेलं खरं हसू. पाकळ्या चालतात, पार्टी पॉपर नको, त्याच्या चमकी मशीनच्या सांध्यात जाऊन बसतात. पदर हातात धरून मिरवा, पण हातातून सोडू नका. उपरणं, शेला, ओढणी पिनेने नीट अडकवा.

आणि बोलू नका. व्हिडिओवर गाणं चढवलेलं असतं, तुमचा आवाज त्यात नसतो. एका नवरीने प्लॅटफॉर्मवर चढून असा झकास उखाणा घेतला की आमची पोरंसुद्धा टाळ्या वाजवायची थांबेनात. व्हिडिओत मात्र ती बारा सेकंद नुसती तोंड उघडतेय आणि मिटतेय. तिला नंतर फोन करून सांगताना आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. तेव्हापासून उखाण्यासाठी शेजारी एक साधा माइक आणि उभा कॅमेरा ठेवतो. हवा असेल तर बुकिंगच्या वेळी सांगा, तीन तासांच्या पॅकेजमध्ये त्याचे वेगळे पैसे नाहीत.

जागेबद्दल थोडं. बारा बाय बारा फूट लागते, ती जेवणाच्या रांगेपासून लांब असावी. फोटोला मागची एक भिंत सजवली की भागतं. इथे कॅमेरा चारही बाजू बघतो, त्यामुळे रचून ठेवलेल्या खुर्च्या, पाण्याचे जार आणि वाकून भजी खाणारे काका सगळे व्हिडिओत येतात. रुखवताच्या टेबलालगतची जागा तर अजिबात नको. वेगळा प्लग लागेल, कूलरच्या बोर्डावर आमची वायर लावू नका. रात्री दहानंतर कार्यालयात स्पीकर बंद होतात, आणि गाणं नसलं की पाहुणे प्लॅटफॉर्मवर नुसते एकमेकांकडे बघत राहतात. म्हणून रिसेप्शन सातचं असेल तर बूथ सातलाच सुरू करू द्या, ‘नवरा-नवरी आल्यावर बघू’ नको. त्यांना तसंही स्टेजवरून सुटका नऊच्या आधी मिळत नाही.

व्हिडिओ पाहुण्यांना तिथेच क्यूआर कोड स्कॅन करून मिळतो. पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाही तर तो धुरकट होतो आणि फोन आम्हाला येतो.

खालचा मेसेज आदल्या दिवशी घरच्या ग्रुपवर टाका. नावं घालून, पत्रिकेच्या रंगात हवा असेल तर आम्ही तयार करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

‘उद्या रिसेप्शनला गोल फिरणारा व्हिडिओ बूथ आहे. तिघं-चौघं मिळून या, ग्रुप आधीच ठरवा. पर्स आणि बाळ खाली कुणाकडे तरी द्या. “एक” म्हटलं की नाचा, हसा, पाकळ्या उधळा, पण बोलू नका. मशीन पूर्ण थांबल्याशिवाय चढू-उतरू नका.’

आमची दोन मुलं असतात, ती आळीपाळीने जेवतात. दुसरा जेवायला जाईपर्यंत बहुतेक ठिकाणी काउंटर आवरलेला असतो, तेवढं एक ताट बाजूला काढून ठेवायला केटररला सांगा.