नौकेची खरेदीपूर्व तपासणी

वापरलेली नौका विकत घेण्याआधी खरेदीदार स्वतःच्या खर्चाने तज्ज्ञ नेमून तिची जी पाहणी करून घेतो, तिला खरेदीपूर्व तपासणी किंवा सर्व्हे म्हणतात. तज्ज्ञाला मरीन सर्व्हेयर हे नाव आहे. ब्रिटन, अमेरिका आणि युरोपच्या किनाऱ्यांवर हौशी लोकांच्या शिडाच्या व इंजिनाच्या जुन्या नौकांची उलाढाल मोठी असून तिथे ही पद्धत रुळलेली आहे. सावधपणाइतकेच विमा हेही तिचे कारण आहे : जुन्या नौकेचा विमा उतरवण्याआधी बहुतेक कंपन्या सर्व्हेचा अहवाल मागतात.

पद्धतीचे मूळही विम्यातच आहे. लंडनमध्ये एडवर्ड लॉईडच्या कॉफीगृहात जहाजांचा विमा उतरवणाऱ्यांची बैठक असे. जहाज बुडाले तर खिसा यांचाच रिकामा होणार. तेव्हा १७६० मध्ये त्यांच्या वर्तुळातून जहाजांची नोंद ठेवणारी संस्था उभी राहिली. तिच्या १७६४ च्या नोंदवहीत जहाजाच्या सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू अशी श्रेणी आणि दोर-शिडांना चांगले, मध्यम, वाईट असा शेरा दिलेला आढळतो. पुढे सामग्रीसाठी आकडे आले, आणि उत्तम या अर्थाने आज आपणही वापरतो तो ‘ए वन’ हा शब्द तिथूनच निघाला.

मोठ्या व्यापारी जहाजांच्या तपासणीला कायद्याचे बंधन असते. खासगी नौकांच्या सर्व्हेयरला मात्र ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत सरकारी परवाना लागत नाही. पाटी लावली की झाले सर्व्हेयर. त्यामुळे तो कोणत्या व्यावसायिक संस्थेचा सदस्य आहे हे पाहतात. अमेरिकेत ‘सॅम्स’ आणि ‘नॅम्स’, ब्रिटनमध्ये ‘वायडीएसए’ या अशा संस्था आहेत. विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला माणूस घेणे शहाणपणाचे नाही. दलालाची कमाई सौदा पार पडण्यावर असते.

खरी तपासणी नौका पाण्याबाहेर काढल्यावरच होते. कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात किनाऱ्यावर शाकारलेल्या होड्यांचे बूड जसे उघडे दिसते, तसे ते दिसल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. आजच्या बहुतेक हौशी नौका फायबरग्लासच्या, म्हणजे काचतंतूंचे थर रेझिन या चिकट रसायनाने जोडून केलेल्या असतात. सर्व्हेयर लहान हातोडीने बूड आणि डेक, म्हणजे नौकेचा वरचा मजला, इंचाइंचाने ठोकत जातो. मडके घेताना वाजवून पाहतात, तेच तंत्र : खणखणीत आवाज आला तर थर एकसंध आहेत, बद्द आला तर आतले थर सुटले असावेत किंवा डेकच्या पोटातले बाल्सा लाकूड कुजले असावे. पॉलिएस्टर रेझिनमध्ये वर्षानुवर्षे पाणी झिरपले की बुडावर फोड येतात; त्याला ऑस्मॉसिस म्हणतात. फोड फोडल्यावर व्हिनेगरसारख्या वासाचे आंबट द्रव बाहेर येते. रोगाच्या नावाने घाबरवले जाते तितका तो बहुधा घातक नसतो. पण उपचारात वरचा थर सोलून नौका कित्येक आठवडे, कधी महिने वाळवावी लागते आणि मग इपॉक्सी हे पाणी रोखणारे रेझिन चढवावे लागते, म्हणजे खर्च मोठा. ओलावा मोजणारे यंत्रही वापरतात, मात्र नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या बुडावर त्याचा आकडा फसवा येतो.

शिडाच्या नौकेत सर्वांत जपून पाहायची जागा म्हणजे कील, म्हणजे नौकेला तोलून धरणारा तळाखालचा जड भाग, आणि तो धरून ठेवणारे बोल्ट. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ ही ब्रिटिश नौका अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला जाताना अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली आणि चारही खलाशी गेले. पूर्वी तळ जमिनीला घासल्याने व त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे आतला सांगाडा कमकुवत झाला असण्याची शक्यता ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने नोंदवली. म्हणूनच ‘ही कधी खडकाला लागली होती का’ हा प्रश्न आधी विचारायचा, आणि उत्तर काहीही आले तरी कीलच्या सांध्याभोवती तडे शोधायचे. याशिवाय बुडातून पाणी आत घेणाऱ्या झडपा पाहतात. साध्या पितळेतले जस्त खाऱ्या पाण्यात निघून जाते. मग धातू गुलाबी दिसतो आणि हाताच्या झटक्यानेही तुटू शकतो. डोलकाठीच्या तारा वरून चकचकीत असल्या तरी साधारण १० ते १५ वर्षांनी बदलतात.

इंजिन हा बहुधा वेगळ्या मेकॅनिकचा प्रांत. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातल्या धातूच्या कणांवरून झीज ओळखतात. पाहायला गेल्यावर इंजिन आधीच गरम असेल, तर मालकाने ते मुद्दाम चालू करून ठेवले नाही ना, ही शंका घ्यावी. थंड इंजिन पहिल्या फटक्यात कसे सुरू होते तेच खरे. शेवटी समुद्रात फेरी मारतात. अमेरिकेत १९७२ पासून बांधलेल्या नौकांवर कोरलेला बारा अक्षर-अंकांचा क्रमांकही कागदपत्रांशी ताडून पाहिला जातो.

सौदा सहसा ‘सर्व्हेच्या अधीन’ ठरतो. ब्रिटनमध्ये साधारण दहा टक्के इसारा दिला जातो. मोठा दोष निघाला तर किंमत उतरते, मालक दुरुस्ती करून देतो किंवा इसारा परत घेऊन खरेदीदार निघून जातो. सर्व्हेची फी आणि नौका उचलण्याचा खर्च मात्र परत मिळत नाही. ही तपासणी काहीही तोडफोड न करता होते. म्हणून पक्क्या अस्तराआड किंवा चिकटवलेल्या फरशीखाली काय आहे याची जबाबदारी अहवाल घेत नाही, आणि तसे त्यात लिहिलेलेही असते. अहवाल ज्याने पैसे भरले त्याच्यापुरताच असतो. मालकाने पुढे केलेली मागच्या खरेदीदाराची प्रत वाचायला उपयोगी पडते, पण त्यात चूक निघाली तर नव्या खरेदीदाराला त्या सर्व्हेयरकडे सहसा दाद मागता येत नाही.