आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो?

फॅशन स्वतः शिकू पाहणाऱ्याला सगळ्यात आधी हाच नियम ऐकवला जातो: आडवे पट्टे जाड दाखवतात, उभे बारीक. नियम जुना आहे, पण खरा नाही.

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच उलटे नोंदवले होते. आडव्या रेघांनी भरलेला चौरस उंच आणि अरुंद भासतो. स्त्रियांच्या आडव्या पट्ट्यांच्या पोशाखाचा दाखलाही त्यांनी दिला होता. २०११ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी हे तपासले. उभ्या रेघांच्या चौरसाइतकी रुंद वाटण्यासाठी आडव्या रेघांची आकृती सुमारे ४.५ टक्के जास्त रुंद करावी लागली. माणसाची आकृतीही आडव्या पट्ट्यांमुळे जाड दिसली नाही.

तरीही आता नियम उलटा करून पाठ करू नका. २०१३ च्या एका जपानी अभ्यासात हा भास सडपातळ आकृतीवर जास्त आढळला, स्थूल आकृतीवर कमी. परिणाम मुळातच छोटा आहे.

मग गैरसमज टिकला कसा? माझ्या मते दोष बऱ्याचदा कापडाचा असतो. आडव्या पट्ट्यांचे टी-शर्ट सहसा होजिअरीच्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाचे असतात. ते पोटावर घट्ट बसले की पट्टे वाकतात आणि गोलाई उठून दिसते. ठपका मात्र पट्ट्यांवर येतो. एकाच मापाचे, एकाच कापडाचे दोन शर्ट घ्या, एक आडव्या पट्ट्यांचा, एक उभ्या. दोन्ही घालून सारख्याच अंतरावरून फोटो काढा. खांद्याची शिवण जागेवर बसते का, हे आधी बघा आणि पट्टे नंतर.