निर्धन कोण? धर्मादाय खाटांच्या वादाची पार्श्वभूमी

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे १९४६च्या आरोग्यविषयक अहवालातच लिहिलेलं होतं. सरकारी दवाखान्यांचं पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात मात्र आणखी एक वाट काढली गेली. १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्यात १९८५ साली कलम ४१ कक आलं. न्यासाच्या रुग्णालयांनी करसवलती घ्यायच्या, अनेकांनी नाममात्र दरात जमीनही घ्यायची आणि बदल्यात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. सवलती लगेच लागू झाल्या. खाटांसाठी जनहित याचिका करावी लागली आणि उच्च न्यायालयाची योजना यायला २००६ उजाडलं.

खरा गुंता ‘निर्धन’ या शब्दात आहे. रोजच्या बोलण्यात निर्धन म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही तो. योजनेत निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्नाची एक रेघ. ती ८५ हजारांवर होती, नंतर १ लाख ८० हजारांवर गेली; दुर्बलांची रेघ ३ लाख ६० हजारांवर आहे. १ लाख ८० हजार म्हणजे महिना १५ हजार, तेही अख्ख्या कुटुंबाचे. नवरा वॉचमन, बायको चार घरची धुणीभांडी करणारी, दोघांचे मिळून १६ हजार झाले की हे घर निर्धन उरत नाही. दुर्बल ठरतं आणि बिलातला वाटा भरायला लागतं. शिवाय रेशनकार्ड चालतं असं योजना म्हणते, तरी खिडकीवर तहसीलदाराचा दाखला मागितल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. आयसीयूत माणूस टाकून तहसील कचेरीत कोण जाणार?

मोफत उपचारांचा खर्च निघावा म्हणून इतर रुग्णांच्या बिलातले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करायचे असतात. निधी संपला, हे रुग्णालयांचं ठरलेलं उत्तर. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण निर्धनांच्या बिलात औषधं खरेदीच्या भावानेच लावायची असतात, ती तशी लावली का, हे क्वचितच कोणी विचारतं.

नंतर विमा योजना आल्या आणि खाटांचा विषय मागे पडला. २०२५मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेवरून रान उठलं, तेव्हा तो पुन्हा वर आला. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करायचं, अनामत मागायची नाही, हे कलम अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ते २००६च्या योजनेतलंच आहे.