लोअर परळचे रस्ते असे का? गिरण्यांच्या भिंतींनी आखलेल्या नकाशाची पार्श्वभूमी

लालबागहून वरळीला जायचं तर आधी मध्य रेल्वेवरचा करी रोडचा पूल, मग ना. म. जोशी मार्ग, मग पश्चिम रेल्वेवरचा डिलाईल पूल. सरळ रेषेत अंतर फारसं नाही, पण वाट एवढीच. मधल्या पट्ट्यात आडवा रस्ता शोधायला गेलात तर कुठल्या ना कुठल्या गिरणीच्या भिंतीवर आपटता. भिंत पडून तिथे टॉवर आला असेल, तर त्याच्या फाटकावर. त्यातून होणाऱ्या वाहतूक कोंडीचं खापर रिक्षा शिरत नसलेल्या या भागात टॅक्सीवाल्यांवर आणि पार्किंगवर फोडलं जातं. खरं कारण दीडशे वर्षं जुनं आहे.

जमिनीपासून सुरुवात करावी लागते. महालक्ष्मी आणि वरळीमधली खाडी 18 व्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून बंद केली, तेव्हा मागे मोठा खोलगट पट्टा उरला. भरतीचं पाणी यायचं थांबलं, पण पावसाचं पाणी जाईना. वस्तीला नकोशी, म्हणून स्वस्त जमीन. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये गिरणी सुरू झाली. पुढच्या गिरण्या भायखळा, चिंचपोकळी, परळ अशा उत्तरेला सरकल्या. रेल्वे दोन, कंपन्याही दोन: पूर्वेकडून जीआयपी (आजची मध्य रेल्वे), पश्चिमेकडून बीबीसीआय (आजची पश्चिम रेल्वे). दक्षिण-उत्तर धावणाऱ्या या दोन रुळांनी पट्ट्याच्या उभ्या चिरा केल्या आणि गिरण्या त्या चिरांमध्ये बसल्या.

गिरणीला एवढी जागा का लागे, हे कळलं की रस्त्यांचं कोडं सुटतं. साचेखातं, म्हणजे सूतकताई, मजल्यांवर चढवता येतं. सूत पिळणाऱ्या चात्या गोल फिरतात, त्यांचा हादरा कमी. कापड विणणाऱ्या मागाचं तसं नाही. आडवा धागा नेणारा धोटा दर फेरीला एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूला थांबवायचा असतो. शेकडो माग एकदम चालले तर वरचा मजला थरथरतो, सूत तुटतं. म्हणून मागखातं तळमजल्यावर, एकमजली आणि ऐसपैस. छत करवतीच्या दात्यांसारखं, काच उत्तरेकडे: थेट ऊन आत येत नाही आणि सगळ्या मागांवर सारखा उजेड पडतो. मध्यभागी इंजिनघर, तिथून दोरांच्या पट्ट्यांनी प्रत्येक खात्याला शक्ती. इंजिनाची वाफ थंड करायला आवारातच तळं. शिवाय कापसाच्या गाठींची गोदामं. 392 पौंडांची एकेक गाठ बैलगाडीतून यायची, म्हणजे गाड्या वळायला अंगण हवंच. 1915 मध्ये टाटांची वीज खोपोलीहून आली आणि इंजिनघरांचं महत्त्व ओसरत गेलं, पण शेड आणि भिंती जागच्या जागी राहिल्या.

भिंतीला फाटकं मोजकीच. हजेरी, झडती आणि मालाची चोरी या तिन्हींवर नजर ठेवायची तर दारं कमीच बरी. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूला लांबलचक कोरी भिंत, समोर चाळी, खाणावळी, पानाच्या टपऱ्या. दोन गिरण्यांच्या भिंतींमध्ये जी फट राहिली तिला ‘मिल पॅसेज’ किंवा ‘मिल लेन’ म्हणत. हे रस्ते शहराने आखलेले नव्हते, गिरण्यांनी सोडलेले होते. आणि त्या काळी ते पुरत, कारण कामगार पायी येई. भोंगा वाजला की पाळी सुटलेल्यांचा लोंढा समोरच्या चाळीत शिरायचा. 1920 च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळीही याच हिशेबाने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला (आजचा ना. म. जोशी मार्ग) उभ्या राहिल्या. 207 इमारती, प्रत्येकीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. खर्चासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला होता.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्यानंतर बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या. रस्त्यांच्या दृष्टीने निर्णायक क्षण मात्र नंतर आला.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. मालकांनी काय करावं? जुन्या शेडमध्येच दुरुस्ती करून कार्यालयं, बोलिंग आणि हॉटेलं थाटली. जमीन वाटायची वेळच येऊ दिली नाही. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, मैदानं आणि स्टेशनबाहेरचे चौक आखण्याची योजना दिली. ती कागदावरच राहिली. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची ठरली.

इथे मागखातं पुन्हा आडवं आलं. समजा गिरणी 15 एकरांची आणि त्यातले 12 एकर छपराखाली. जुन्या नियमाने पालिकेला 5 एकर मिळाले असते; नव्या नियमाने उघड्या 3 एकरांचा तिसरा हिस्सा, म्हणजे 1 एकर. पसरट शेडमुळे बहुतेक गिरण्यांत उघडी जागा थोडीच होती. या बदलाविरुद्धच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने 2005 मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये 2001 चा बदल कायम केला. प्रत्येक आवार सुटं सुटं विकसित झालं. आतले रस्ते खासगी, शेजारच्या आवाराशी न जोडलेले. एका गिरणीतून दुसरीत जाणारा सार्वजनिक रस्ता काढण्याची शंभर वर्षांतली एकमेव संधी तिथे गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याचे परिणाम सरळ दिसतात. कामगार पायी येत तेव्हाची स्टेशनं आता लोकलने येणाऱ्या कार्यालयीन गर्दीला पुरी पडावी लागतात. परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आता प्रभादेवी) ही शेजारशेजारची, पण वेगवेगळ्या रेल्वेंची स्टेशनं. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी त्यांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 23 जण गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 जणांचा बळी गेला. जुलै 2018 मध्ये डिलाईल पूल धोकादायक ठरून बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर 2023 उजाडलं. एवढा काळ स्थानिकांनी फेरा घातला, कारण पर्यायी आडवी वाट नव्हतीच.

पाण्याचंही तेच. हिंदमाता परिसर बशीसारखा खोल; मोठ्या भरतीला समुद्रातले नाल्यांचे दरवाजे बंद करावे लागतात आणि पाऊस त्याच वेळी कोसळला तर पाणी पंपांनीच काढावं लागतं. त्यासाठी रे रोडला ब्रिटानिया उदंचन केंद्र आहे, अलीकडे मैदानांखाली साठवण टाक्याही बांधल्या आहेत.

सप्टेंबर 2025 मध्ये शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी एल्फिन्स्टनचा वाहनांचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला. नवा पूल दुमजली होणार आहे: वरून अटल सेतूकडची वाहतूक, खालून स्थानिक. तोवर परळ-प्रभादेवीच्या गाड्या उत्तरेला टिळक पुलावर आणि दक्षिणेला करी रोड पुलावर वळवल्या आहेत, आणि करी रोडवरून पुढे पश्चिमेला जायचं तर मधे डिलाईल पूल आहेच.