किबेरा नकाशा प्रकल्प

केनियाची राजधानी नैरोबीच्या नैर्ऋत्य भागातील किबेरा या मोठ्या झोपडपट्टीचा, तिथल्याच तरुणांनी जीपीएस यंत्रे हाती घेऊन तयार केलेला डिजिटल नकाशा. ‘मॅप किबेरा’ या नावाने हे काम २००९ च्या अखेरीस सुरू झाले.

किबेरा हे नाव ‘किब्रा’ या नुबियन, म्हणजे मूळच्या सुदानकडच्या लोकांच्या शब्दावरून आले. त्याचा अर्थ जंगल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्यातील नुबियन शिपायांना इथे राहू दिले गेले, पण जमीन त्यांच्या नावावर झाली नाही. वस्ती वाढत गेली, कागदोपत्री मात्र अनधिकृतच राहिली. म्हणून नाव जंगलाचे आणि सरकारी नकाशावरही जंगलच, असा प्रकार अनेक दशके चालला. हजारो लोकांची ये-जा असलेल्या गल्ल्यांच्या जागी कोरा हिरवा पट्टा! लोकसंख्येचीही तीच गत. दहा लाखांचा आकडा वर्षानुवर्षे सांगितला जाई. २००९ च्या जनगणनेत तो सुमारे १ लाख ७० हजार भरला.

हा प्रकल्प सुरू करणाऱ्या एरिका हेगन आणि मायकेल मॅरॉन यांनी स्थानिक संस्थांच्या मदतीने तेरा तरुण-तरुणींना प्रशिक्षण दिले. किबेऱ्यातील ‘गावे’ म्हणजे पोटवस्त्याही तेराच, आणि प्रत्येकाने शक्यतो आपापले गाव चालून काढले. चालताना यंत्र वाटेची रेघ आपोआप नोंदवते. पाण्याचा नळ, संडास, दवाखाना, शाळा, चर्च वा मशीद दिसली की थांबून खूण करायची आणि वहीत नाव लिहायचे. संध्याकाळी ही नोंद संगणकावर उतरवून, उपग्रहचित्राशी पडताळून ‘ओपन स्ट्रीट मॅप’वर चढवायची. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा नकाशा कोणालाही वापरता आणि सुधारता येतो.

अमेरिकेने मे २००० मध्ये जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली नसती, तर हे शक्य नव्हते. तोवर शंभर मीटरपर्यंत फरक पडे, म्हणजे एका गल्लीतला नळ चार गल्ल्या पलीकडे दिसला असता. आताही पत्र्यांच्या दाटीत संकेत परावर्तित होऊन खूण काही मीटर सरकते. तिथे रहिवाशाचीच माहिती कामी येते. उपग्रहचित्रात फक्त गंजलेले पत्रे दिसतात. कोणत्या पत्र्याखाली शाळा भरते, कोणता संडास पैसे देऊन वापरावा लागतो, अंधार पडल्यावर बायका कोणती वाट टाळतात, हे वरून कधीच कळत नाही. या प्रकल्पाचे खरे मोल इथेच आहे.

नकाशाला जोडून ‘व्हॉइस ऑफ किबेरा’ हे बातम्यांचे संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर मोबाइल संदेशाने आलेली खबर थेट नकाशावरील जागेला जोडली जाई. पुढे नैरोबीतल्याच माथारे आणि मुकुरू या वस्त्यांतही असेच काम झाले. शाळांच्या नोंदी विशेष महत्त्वाच्या ठरल्या, कारण लोकांनी स्वतः चालवलेल्या कित्येक शाळा सरकारी यादीतच नव्हत्या.

नकाशावर आल्याने जमिनीचा हक्क मात्र मिळत नाही. जुलै २०१८ मध्ये नव्या रस्त्यासाठी किबेऱ्याचा एक पट्टा बुलडोझरने मोकळा करण्यात आला. हजारो माणसे बेघर झाली आणि काही शाळाही पाडल्या गेल्या.